आरोग्यपाठ : जुनी पाठदुखी, गोळ्या आणि शेक



मंडळ्यांकडून आमच्या दवाखान्यासाठी जी खोकी येतात त्यांत कपडे, वह्या, साबण यांच्याबरोबर औषधेही असतात, आणि औषधांत सर्वांत मोठा भरणा दुखण्याच्या गोळ्यांचा असतो. घरात कोणाची तरी कंबर धरली, डॉक्टरांनी दहा गोळ्या लिहून दिल्या, चार घेतल्या, सहा उरल्या. फेकवत नाहीत, मग त्या सातपुड्याकडे निघतात. सोबत कमरेचे पट्टे येतात, मलमाच्या अर्ध्या ट्यूब येतात. पाठवणाऱ्यांचे प्रेम आम्हांला कळते. तरीही या गोळ्या आम्ही वाटत नाही. का वाटत नाही ते सांगायचे तर पाठदुखीचा सगळाच विषय घ्यावा लागतो, म्हणून या तिमाहीचा धडा त्यावर आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या पाठीही दुखतात हे पत्रांवरून दिसते, तेव्हा धडा दोन्हीकडे उपयोगी पडावा.

धड्याआधी वाचावे : २ राजे २०:१-७, लूक १३:१०-१७, १ तीमथ्य ५:२३.

दुखणे कशासाठी असते

डॉ. पॉल ब्रँड यांचे नाव मिशनच्या कामाशी संबंधित लोकांना माहीत असते. त्यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात, तिथल्या डोंगरी लोकांत काम करणाऱ्या मिशनरी दांपत्याच्या पोटी झाला. पुढे १९४६ पासून ते वेल्लोरला शस्त्रवैद्य होते. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने सडून गळत नाहीत. दुखणेच कळत नसल्याने भाजते, कापते, चिघळते आणि मग बोटे जातात, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले. दुखणे हा पहारेकरी आहे, हे त्यांचे सांगणे नर्सिंग शिकताना मी पहिल्यांदा ऐकले आणि पाड्यांवर गेल्यावर पटले.

पण पहारेकरी कधी कधी चोर गेल्यावरही ओरडत राहतो. पाठीत उसण भरली, स्नायू ताणला, की बहुतेकांचे दुखणे सहा आठवड्यांच्या आत पुष्कळ कमी होते. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकले की त्याला जुने दुखणे म्हणतात. त्यात पहिली इजा बहुधा भरून आलेली असते, पण मज्जातंतू आणि मेंदू इतके हळवे झालेले असतात की साधे वाकणेही धोका वाटते. दुखणे खोटे नसते, मनाचे खेळही नसतात. मात्र 'दुखते आहे म्हणजे आत काहीतरी मोडते आहे' असा अर्थ प्रत्येक वेळी काढू नये.

शहरातील वाचकांसाठी इथे एक गोष्ट सांगते. पुण्याकडच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मला एमआरआयचा अहवाल पाठवून विचारले होते, 'सिस्टर, माझी गादी सरकली आहे, मी आता वाकायचेच नाही का?' २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा माणसांचे फोटो त्यात पाहिले होते. विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या सुमारे ८४ टक्के लोकांत मणक्यांमधली गादी फुगलेली दिसली. केस पांढरे होतात तशा गाद्याही झिजतात. फोटो आणि दुखणे यांची सांगड डॉक्टरांनी तपासून घालावी लागते. नुसता अहवाल वाचून अंथरूण धरायचे नसते. बाई आता रोज सकाळी चालतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. आमच्या पाड्यावरची बाई त्या आकड्यात आहे की नाही देव जाणे, कारण ती दवाखान्यात कंबर दुखते म्हणून येतच नाही. मुलाला खोकला म्हणून येते, आणि निघताना दारात उभी राहून सांगते की कंबरही जरा धरते.

कोणाच्या पाठीवर काय आहे

दिवाळीनंतर इथली पुष्कळ घरे ऊसतोडीला जातात, कोणी गुजरातेत तर कोणी पश्चिम महाराष्ट्रात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई वाकून पाचट काढते, मोळी बांधते, आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवते. रात्री गाडी आली तर रात्री. पावसाळ्यात परत आली की भाताची लावणी, म्हणजे चिखलात दिवसभर कमरेतून वाकणे. मधल्या दिवसांत पाणी आणि लाकूडफाटा. एवढ्या ओझ्याखाली पाठ दुखली नाही तरच नवल.

लूकाच्या तेराव्या अध्यायातली वाकलेली स्त्री अठरा वर्षे तशी होती. लूक वैद्य होता, वर्षे मोजून लिहिण्याची सवय त्याला असावी. आम्हीही केसपेपरवर आधी हेच विचारतो : किती दिवस, किती वर्षे, आणि रात्री झोप लागते का.

आधी काय ओळखायचे

झोपेचा प्रश्न आम्ही उगीच विचारत नाही. कामाने दुखणारी पाठ विश्रांतीने बहुतेक वेळा हलकी होते. जे दुखणे रात्री वाढते, ज्याच्याबरोबर संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरते, ते वेगळे. मणक्याचा क्षयरोग असाच येतो. खोकला नसतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. एका दादांना मालिश करून करून घरच्यांनी दमवले होते. पाठीच्या मध्यभागी मणका बाहेर आल्यासारखा दिसू लागला तेव्हा ते झोळीत घालून खाली आणले गेले. क्षयाची औषधे सरकारकडून फुकट मिळतात, आणि नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात. मणक्याच्या क्षयाचा उपचार साध्या फुप्फुसाच्या क्षयापेक्षा लांबतो. दादा मधेच औषध सोडणार नाहीत यासाठी त्यांच्या पाड्यावरची आशाताई माझ्यापेक्षा जास्त झटली.

दुसरा आजार सिकलसेल. आदिवासी भागात काम करणाऱ्याने तरुणाची पाठ, मांड्या, छाती दुखते असे ऐकले की सिकलसेल आठवलाच पाहिजे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि हाडाला रक्त न मिळाल्याने भयंकर कळा येतात. वसतिगृहातला एक मुलगा थंडीत सकाळच्या कवायतीला नेमका आजारी पडायचा. त्याला आळशी ठरवले गेले होते. तपासणीत सिकलसेल निघाला. आता तो भरपूर पाणी पितो, थंडीत उबदार कपडे घालतो, डॉक्टरांनी ठरवून दिलेली फोलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरियाची गोळी घेतो, आणि कळांचे दिवस पुष्कळ कमी झाले आहेत. कवायतीला स्वेटर घालून उभा राहतो. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी हा त्याचा गाभा आहे. तपासणी शिबिराला पाड्यावरून येण्याजाण्याची सोय करणे हे पाठदुखीचेच काम आहे असे मी समजते.

आणखी काही खुणा सर्वांनीच पाठ कराव्यात. पाठदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, जांघेत आणि बसण्याच्या जागेवर बधिरपणा आला, पाय लुळा पडू लागला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. उद्यावर टाकू नये. उंचावरून पडल्यानंतरचे दुखणे, पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाचे नवे दुखणे, ताप असलेले दुखणे, हीही घरी शेकत बसण्याची नव्हेत.

गोळ्या

विलो नावाच्या झाडाची साल तापावर उपयोगी पडते, हे पत्र १७६३ साली इंग्लंडमधील रेव्हरंड एडवर्ड स्टोन यांनी रॉयल सोसायटीला लिहिले. पाळकसाहेबांनी साल वाळवून, कुटून, मोजून लोकांना दिली होती आणि परिणाम टिपले होते. त्याच वाटेने पुढे १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आले. झाडपाला आणि गोळी यांत सासवासुनांचे भांडण लावणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगते. प्रश्न पाल्याचा की कारखान्याचा हा नसून मोजले आहे की नाही हा आहे.

पॅरासिटामॉल सर्वांच्या घरी असते. तापाला ते चांगले, पण नव्या कंबरदुखीत त्याने लोक लवकर बरे होत नाहीत, असे ऑस्ट्रेलियातील मोठ्या चाचणीत २०१४ साली दिसले. प्रौढ माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम सांगितली जाते. आमच्याकडे येणाऱ्या किती तरी बायांचे वजन ४० किलोच्या आसपास असते. त्यांना आम्ही ५०० मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून चारपेक्षा जास्त नाही, असेच सांगतो. दारू पिणाऱ्याला त्याहून कमी, कारण हे औषध जास्त झाले तर यकृत निकामी करते. खोक्यांतून येणाऱ्या गोळ्या बहुधा ६५० ची असतात. शिवाय सर्दीच्या आणि अंगदुखीच्या जोडगोळ्यांतही पॅरासिटामॉल असतेच. तीन नावांच्या तीन गोळ्या घेणारा एकच औषध तीनदा घेत असतो, आणि त्याला ते कळत नाही.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक ही सूज उतरवणारी औषधे पाठदुखीत जास्त उपयोगी पडतात, पण ती थोडे दिवस आणि जेवणानंतर घ्यायची असतात. उपाशीपोटी घेतली तर पोटात व्रण पडतो, रक्तस्राव होतो. रक्तदाब वाढतो. सगळ्यांत मोठी भीती मूत्रपिंडाची. उन्हात ऊस तोडणारा माणूस पाणी कमी पितो, घामाने सुकतो, आणि काम उरकावे म्हणून दुपारी डायक्लोफिनॅक घेतो. मूत्रपिंडाला याहून वाईट जुळणी नाही. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे, ती जनावरे खाऊन, आपली गिधाडे मूत्रपिंड बिघडून मेली. म्हणून २००६ साली जनावरांसाठी ते बंद झाले. माणूस गिधाडासारखा एका घासाने मरत नाही, पण धडा घ्यायला हरकत नाही. गरोदर बाईने पाच महिन्यांनंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही औषधे घेऊ नयेत. डेंग्यूच्या साथीत अंगदुखीवर ती मुळीच देऊ नयेत, रक्तस्रावाचा धोका असतो. सिकलसेलच्या रुग्णाला आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला डॉक्टरांनी ठरवूनच द्यावीत.

हे सगळे विचारून, वजन करून, मगच एक गोळी हातावर ठेवायची असते. कापलेल्या पाकिटातली, तारीख नसलेली गोळी हातावर कशी ठेवणार? औषधांच्या दानाविषयी जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ सालीच मार्गदर्शक नियम केले. रुग्णाला दिलेले आणि त्याच्याकडून परत आलेले औषध दान करू नये असे त्यांत स्पष्ट आहे. जे आपल्या मुलाला आपण देणार नाही ते पाड्यावरच्या मुलाला का द्यावे, एवढाच त्याचा अर्थ.

आठवडी बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांविषयी मला रागानेच लिहावे लागते. एक पुडी घेतली की दुसऱ्या दिवशी पाठ फुलासारखी हलकी होते. असा गुण आला की मला स्टेरॉईडचाच संशय येतो. साधारण पंचेचाळिशीच्या एक मावशी तीन वर्षे अशा पुड्या घेत होत्या. चेहरा गोल सुजला, हातापायांच्या काड्या झाल्या, साखर वाढली, कातडी कागदासारखी पातळ. हाडेही ठिसूळ होतात, म्हणजे ज्या पाठीसाठी पुडी घेतली तीच आतून पोकळ होते. पण अशी पुडी बऱ्याच दिवसांपासून चालू असेल तर एकदम बंद करू नये, माणूस जिवावर बेततो. डॉक्टर हळूहळू उतरवत नेतात. मावशींना त्याला आठ महिने लागले.

सुईचा आग्रह सगळीकडे आहे, शहरातही. तांबड्या रंगाची जीवनसत्त्वाची सुई ज्याला त्या जीवनसत्त्वाची कमतरता आहे त्याच्याच उपयोगाची. चुकीच्या जागी टोचलेल्या सुईने पाऊल कायमचे लुळे पडलेली मुले मी पाहिली आहेत.

ट्रॅमाडॉलसारख्या अफूच्या जातीच्या गोळ्या साध्या पाठदुखीला नकोत. सवय लागते, बद्धकोष्ठ होतो, म्हातारी माणसे पडतात. २०१८ पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. मात्र कर्करोगाच्या कळांना मॉर्फिन हे योग्य औषध आहे, तिथे ते नाकारणे क्रूरपणा होय. २०१४ च्या कायदादुरुस्तीने ते मिळवणे थोडे सोपे झाले. घाबरून रुग्णाला तळमळत ठेवू नका, डॉक्टरांकडे मागा.

गोळीशिवाय

पडून राहणे हा उपचार नाही. एकदोन दिवस ठीक, त्यानंतर अंथरूण पाठीला कमजोरच करते. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात व्यायाम आणि समजावून सांगणे यांवर भर आहे. कमरेचे पट्टे, वजने लावून ताण देणे आणि अफूच्या जातीची औषधे नेहमीच्या उपचारात नकोत असे म्हटले आहे. तेव्हा पट्टेही पाठवू नका. फळीवर झोपण्याचा जुना सल्लाही सगळ्यांना लागू नाही. २००३ च्या एका स्पॅनिश अभ्यासात फार कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला.

चालणे मात्र नक्की. ऑस्ट्रेलियातच २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांना आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटांपर्यंत चालण्याकडे हळूहळू नेले. दुखणे परत यायला त्यांना मध्यमानाने २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांना ११२. शहरातल्या वाचकांनी हे मनावर घ्यावे. आमच्या बायांना चालायला सांगितले तर त्या हसतात. त्यांना चालणे पुरेसे आहे, उलटे वाकणे नाही. म्हणून लावणीच्या दिवसांत मी एवढेच सांगते : एक ओळ संपली की उभे राहा, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच वेळा मागे वाका. घरी रात्री पाठीवर झोपून गुडघे दुमडा आणि कंबर उचलून दहा मोजेपर्यंत धरा. मग रांगत्या बाळासारखे होऊन मांजरीसारखी पाठ वर-खाली करा. ओझे अंगाजवळ धरून गुडघ्यांतून उठा. एका मोठ्या हंड्यापेक्षा दोन फेऱ्या बऱ्या, असे सांगणे सोपे आहे. विहीर दीड किलोमीटरवर असली की दोन फेऱ्या म्हणजे तीन तास. म्हणून ज्या पाड्यावर नळ आला तिथे माझ्या दारात उभे राहून कमरेचे सांगणाऱ्या बाया कमी झाल्या. कोणत्याही गोळीने मला एवढा गुण दाखवलेला नाही.

शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात. रबरी पिशवी नसेल तर वाळू किंवा मीठ तव्यावर गरम करून फडक्याच्या पुरचुंडीत घ्यावे. इथे निर्गुडीचा पाला वाफवून बांधतात, मोहाच्या बियांच्या तेलाने चोळतात. त्याला माझी ना नाही. ऊब, चोळणाऱ्याचा हात आणि घटकाभर बसायला मिळणे, तिन्ही औषधेच. पण शेक आधी आपल्या मनगटावर पाहावा. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने बधिर झालेल्या कातडीवर शेक देऊ नये. झोंबणारे मलम लावून त्यावर पिशवी ठेवू नये, फोड येतात. तापलेल्या विळ्याने डागण्या देणे अजून पूर्ण गेलेले नाही. त्या पाठी मी पाहते तेव्हा बोलायला शब्द सापडत नाहीत, आणि तरी तिथे रागावून चालत नाही. रागावले तर ती आजी पुढच्या वेळी येत नाही.

प्रार्थना करायची की औषध घ्यायचे, हा प्रश्न महिला मंडळात हमखास येतो. हिज्कीया राजासाठी यशयाने प्रार्थनेचे उत्तर आणले आणि अंजिराचा लेपही लावायला सांगितला. पौलाने तीमथ्याला पोटासाठी घरगुती उपाय सुचवला. तेव्हा दोन्ही करा. दुसरे असे की जुन्या दुखण्यात एकटेपणा फार असतो. सिसिली सॉन्डर्स ही परिचारिका पुढे समाजसेविका आणि मग डॉक्टर झाली. तिने १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. शरीर, मन, घरची काळजी आणि आत्मा यांचे दुखणे एकत्रच असते, असे ती शिकवी. वर्षानुवर्षे पाठ धरून बसलेल्या भगिनीला भेटायला गेलात तर 'विश्वास कमी पडतो' असे म्हणू नका. तिच्याबरोबर अंगणात दोन फेऱ्या मारा.

खोक्यात काय घालावे

उरलेल्या गोळ्या जवळच्या औषधाच्या दुकानदाराला विचारून नष्ट करा. आम्हांला लागणारी औषधे आम्ही यादी करून, डॉक्टरांच्या सहीने, ठोक घेतो. त्यासाठी पैसे पाठवलेत तर सर्वांत सोपे. वस्तूच पाठवायच्या असतील तर शेकाच्या रबरी पिशव्या, मुलांचे स्वेटर, पाण्याच्या झाकणवाल्या बाटल्या आणि म्हाताऱ्यांसाठी काठ्या. काठीला खाली रबर असावे. पिशव्यांत घरी पाणी भरून उलटी धरून पाहा आणि मगच बांधा, कारण मागच्या खेपेतल्या काही पिशव्या झाकणाशी गळत होत्या.